रिकाम्या हाताने

ता. ४ जून

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, नाक मुरडू नकोस. परदेशातला झाला तरी कागद वाया घालवायला माझा हात धजत नाही.

आम्ही इथे आलो त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंपीणबाई वाडगाभर गरम भाजी घेऊन आल्या होत्या, ते तुला कळवलंच होतं. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. पण शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्या आईची शिस्त. मी गोड करून वाडगा भरून दिला. तिने तो पुन्हा भरून वर आणला. मग मी भरला. महिनाभर असंच चाललं. मला वाटलं, परक्या मुलखात मैत्रीण मिळाली.

काल तिची लेक आली. ती नर्स आहे. यांच्याशी हळू आवाजात बोलली, यांनी मला सांगितलं. आईचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी जिना बंद केलाय. तरी रिकामा वाडगा न्यायची लाज वाटते म्हणून ती शेगडीपाशी उभी राहते आणि वर चढते. तुमच्या बाईंना म्हणावं, आता पुरे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. मी जीव लावत होते, तिला ते ओझं होत होतं. आता कोणत्या तोंडाने जाऊ? यांना म्हटलं, मला घरी पाठवा. पुढच्या महिन्यात पाठवतो म्हणालेत.

देव तुम्हाला सुखी ठेवो.

तुझी ताई

ता. १९ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

कागदाची एवढी काटकसर, मग डोळ्यांतलं पाणीही जरा जपून वापर! अगं, मी चार लिंबं आणली की तू माझ्या पिशवीत अर्धं स्वयंपाकघर कोंबायचीस. आमचे हे म्हणायचे, बहिणीकडे चाललीस तर हमाल घेऊन जा. त्या बिचारीला हमाल कुठला?

घरी यायचं तर खुशाल ये, मला आनंदच आहे. पण तोंड चुकवून येऊ नकोस. एकदा काहीही न घेता तिच्याकडे जा आणि नुसती बस. जमतं का बघ.

माझ्यावर माया आहे तशी असू दे, उत्तराला मात्र उशीर नको.

तुझी बेबी

ता. ६ जुलै

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. गेले बाई. हातात काही नाही तर हात ठेवायचे कुठे तेच कळेना, शेवटी पदरात गुंडाळले.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाई खिडकीपाशी डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. कुठल्या देवाला काय म्हणत होत्या, त्यांचं त्यांना ठाऊक. मी मागे फिरणार, तोच त्यांनी चाहूल ओळखली आणि डोळे न उघडताच शेजारची खुर्ची थोपटली. बसले. गप्प तरी किती बसायचं, म्हणून मीही डोळे मिटून माझं स्तोत्र सुरू केलं.

इतक्यात परत यायचं काढत नाही, यांना तसं सांगून टाकलंय. आता रोज तिसऱ्या प्रहरी खाली जाते.

त्या पहिल्या दिवशी स्तोत्राच्या निम्म्यावर आले आणि राहवेना. एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर म्हातारीही एका डोळ्याने माझ्याकडेच बघत होती. असं हसू फुटलं की तिला ठसका लागला. मी पाठ चोळली. मग दोघींनी आपापल्या देवाची माफी मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तुझी ताई