ठेवलेलं नाव

९ नोव्हेंबर
झरी गाव. कॉलेजला सुट्टी. कादंबरीचा सातवा भाग पुरा झाला. त्यातल्या माझ्या लोकांच्या धर्मात आणखी एक नियम: लांब निघणाऱ्यानं आपलं नाव घरातल्या एकाच्या ओंजळीत सांगून ठेवायचं. तो परत येईपर्यंत ते कुणी उच्चारायचं नाही. उच्चारलं की तो परतीची वाट विसरतो. त्यांचा देवही कधीतरी असाच नाव ठेवून गेला. कुणापाशी, ते आता कुणाला आठवत नाही. म्हणून त्याला हाक मारता येत नाही, नुसती वाट बघता येते.
आपल्याकडे नावं ठेवणं म्हणजे निंदा. तो शब्द उलटा करून बघितला, एवढंच.

१२ नोव्हेंबर
कौसामावशी स्वयंपाकाला येतात. आज म्हणाल्या, "ताई, रोज येवढं काय लिवायलाव?" सातवा भाग वाचून दाखवला. उंबऱ्यावर बसून ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली.
"कुठली माणसं हायत ही?"
"लांबची," म्हणाले.
'मनातली' म्हणायला काय झालं होतं?

१६ नोव्हेंबर
मावशींची लेक आणि जावई ऊसतोडीला गेले. लेकीला पाचवा महिना. निरोप द्यायला गेले होते. धुक्यात ट्रॅक्टर आधी ऐकू आला, मग दिसला.
मावशींनी एकदम ओंजळ पुढं केली. "नाव ठिवून जा."
लेक हसायला लागली. "आये, येडी झालीस का?" तरी वाकली आणि ओंजळीत बोलली. मग जावई, लाजत. मावशींनी हात मिटले आणि माझ्याकडं बघितलं. बरोबर झालं का, असं.
मी मान हलवली. का हलवली?

२४ नोव्हेंबर
मावशी आता 'ती' आणि 'ते' म्हणतात. शेजारणीनं लेकीचं नाव घेऊन खुशाली विचारली, तर मावशींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. पीठ लागलेला. शेजारीण ओठ पुसत म्हणाली, "पोरगी उसाला गेली का सरगाला?"
सांगायला हवं. उद्या.

२५ नोव्हें.
नाही सांगितलं. मावशी इतक्या निवांत दिसत होत्या. हे कारण की सबब?

२८ नोव्हें.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात सगळं गाव कापसाच्या रानातून चाललेलं, कुणालाच नाव नाही. आणि मागं, बंद घरांमधून, नावं हळूहळू बोलत होती, जात्यासारखी. उठले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मावशींच्या लेकीचं नाव घेऊन बघावं म्हटलं, नुसतं स्वतःशी. ओठ हलेनात.
मागची पानं चाळली. तिचं नाव मीही कुठं लिहिलेलं नाही. सहज की...

३ डिसेंबर
चार दिवस लेकीचा फोन बंद. जावयाचाही.

४ डिसें.
मावशींनी माझ्यासमोर टोळीच्या मुकादमाला फोन लावला. "माझ्या लेकीला द्या जरा."
तो मोठ्यानं बोलतो, सगळं ऐकू आलं. "मावशे, हितं झरीच्याच धा-बारा लेकी हायत. नाव सांग की."
 मावशींनी फोन बंदच केला. 
मी म्हणाले, मी लावते, मी घेते नाव. तर म्हणाल्या, "तुमच्याम्होरं ठिवलं की. तुमाला बी न्हाई घेता येत."
तेव्हा सांगून टाकलं. असा धर्म नाही, असे लोक नाहीत, सगळं मी टेबलाशी बसून रचलंय. चूक माझी. फार वेळ बोलले बहुतेक.
मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी तुमीच केलाव."
"हो."
"मंग तुमालाच म्हाईत आसंल. नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा आसतोय. ह्याला काय हाय?"
काही नव्हतं. हा विचारच केला नव्हता मी. एवढा देव रचला, आणि अडलेल्या बाईला सोडवायची वाट ठेवली नाही.

५ डिसें., सकाळ
उखाणा रचून दिला, तर तो धर्म आणखी पक्का होतो. नाही दिला, तर एक पोटुशी पोर कुठल्या फडावर आहे ते कळत नाही. यात तोलायचं काय आहे? तरी तासभर तोलत बसले.
उसाला पांढरा तुरा, बांधावर धुकं दाट,
——चं नाव घेते, विसरू नको वाट.
कोऱ्या जागेत नाव लिहून दाखवायची गरज पडली नाही. मावशींना लिहिता-वाचता येत नाही, दोनदा ऐकून पाठ झाला. पदर डोक्यावरून घेतला, मुकादमाला फोन लावला आणि उखाणा म्हणाल्या. 'विसरू नको'चं 'इसरू नगं' केलं. लेकीचं नाव स्पष्ट घेतलं.
 पलीकडून मुकादम, जरा मऊ आवाजात: "दुसऱ्या फडावर टोळी गेलीय त्यांची. माणूस धाडतो. फोन करतो."

५ डिसें., दुपार
फोन नाही. मावशी म्हणतात, "उखाणा बराबर हुता न्हवं, ताई?"
हो म्हणाले. बरोबर असायला मागं काहीतरी खरं असावं लागतं. इथं ते नाही, हे मलाच ठाऊक, आणि मलाच ते असावं असं वाटतंय. मावशींनी कणीक मळायला घेतली आहे. फोन ताटाशेजारी उताणा.