घाटाखालचा डोह

मोशी, रविवार संध्याकाळ, १९५७

गळाने हौसेखातर मासे धरायला परवाना लागू नये, हा अर्ज मीच लिहिला होता. मंजूर झाला तेव्हा गावाने मला नारळ दिला. नारळ!

आज पिंपरीहून तिघे गळ घेऊन आले आणि थेट घाटाखालच्या डोहावर बसले. त्या डोहातला मासा गावात कुणी धरत नाही. आई रोज कणकेच्या गोळ्या नेते, टाळी वाजवते, मासे पायरीशी येतात. हे अर्जात लिहायचं मला सुचलंच नाही. ‘नदीवर कुठेही’ लिहून मोकळा झालो. मूर्ख.

हटकलं, तर एकजण हसला. “परवाना लागत नाही आता, राव. आणि इथं नुसती कणीक लावली की मासा हजर!”

कणीकच. आणि ‘नदीवर कुठेही’ हे शब्द माझेच.

ते गेल्यावर आई घाटावर आली. तिने टाळी वाजवली. उरलेले मासे पायरीशी आले. मग तिने खाली वाकून दगड उचलले आणि त्यांच्यावर मारत सुटली.

“भ्या रं माणसाला, भ्या आता!”

कणकेच्या गोळ्या तिच्या पदरात तशाच होत्या.