पुस्तकात नसलेला कायदा

तात्या,

आज दुपारी मोबाईलवर, सरकारच्या संकेतस्थळावर, तो कायदा वाचला. अख्खा, मराठीत, फुकट. विधानसभेत अजून मंजूर व्हायची आहेत ती विधेयकंसुद्धा तिथं टाकलेली असतात. सापडायला दोन मिनिटं लागली, आणि मला असा संताप आला की भाकरीचं पीठ तसंच परातीत राहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भांडायला आज तुम्हीच हवे होतात.

तुम्ही इंदापुरात कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचात, आणि तुमच्या त्या कायद्याच्या जाड पुस्तकावर नरसिंहपुरापर्यंतच्या माणसांचा भरवसा. राजपत्रात दुरुस्ती आली की तुम्ही ती कापून आणणार, रविवारी मी मैद्याची खळ शिजवणार आणि चिठ्ठी त्या त्या पानावर चिकटवणार. तिरकी बसली की रागवायचात, "नीट लाव, लोकांची घरं हाईत त्यात." मला त्या कामाचा फार तोरा होता.

नव्वदचं दशक. मी बारामतीला कॉलेजात, लग्न व्हायचंय. सर वर्गात सांगतात, राज्यात नवा कायदा झालाय, लग्न न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा. घरी येते तर तुम्ही दोन्ही दादांच्या नावानं वाटपपत्र लिहीत बसलाय. मी विचारते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "पुस्तकात असंल तर दाखव." मी पानन् पान उलटते. चिठ्ठी नाही. सरांनी पेपरात वाचलेलं, त्यांच्याकडे प्रत नाही. एसटीनं पुण्याला गेले, तर सरकारी पुस्तकांच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "संपलंय, पुढच्या महिन्यात बघा." पुढच्या महिन्यापर्यंत वाटप नोंदवून झालं होतं. एका छापील कागदावाचून माझं तोंड बंद झालं, तात्या. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून ते राजपत्र तुम्ही कापलंच नाही? आईला विचारलं तर म्हणाली, "आता कशाला उकरून काढतीस? दादा दिवाळीला बोलवत्यात नव्हं." हे मी आजवर गिळत आले, पण पचलेलं नाही.

सगळं खापर तुमच्यावर फोडून मोकळी झाले असते. पण गेल्या आठवड्यात धाकट्या दादाकडे गेले होते. त्याच्या मुलीनं स्वयंपाकघरात विचारलं, "आत्या, बाबा सगळी जमीन माझ्या भावाच्या नावावर करतायत. माझा पण हिस्सा असतो ना?" दादा दारातच चहा पीत उभा होता. आता काय बोलतेस, अशा नजरेनं माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "तुझ्या बाबांना विचार." दादा म्हणाला, भाऊबीजेला लवकर ये.

म्हणून तर आज तो कायदा शोधला. ते पान तिला पाठवायला एक बोट पुरतं. दुपारपासून तिचं नाव उघडून बसलेय, तात्या, आणि अजून पाठवलेलं नाही.