बर्फाखालचा ठोका

२१ डिसेंबर
अल्लाच्या मेहरबानीने सासरी सुखरूप पोहोचले. तेही नावेतून! कालव्यावर काचेसारखा बर्फ धरलेला. मुख्तार पुढे उभे राहून वल्ह्याने तो फोडत होते, मागून त्यांची आई, मोजी, नाव रेटत होत्या. मला म्हणाल्या, काय गं मॅट्रिक, हे नाही ना शिकवलं शाळेत? घर म्हणजे दल सरोवरातली मोठी लाकडी नाव, फळ्यांखाली पाणीच. मोजी निखाऱ्यांची छोटी शेगडी, कांगडी, फेरनच्या झग्यातून क्षणभरही बाहेर काढत नाहीत. उरलेली राख मी भांड्यांना ठेवली. साबण वाचेल.

२४ डिसेंबर
मुख्तार रोज कमळकाकड्या बाजारात नेतात. सकाळी फोडलेली वाट संध्याकाळी पुन्हा गोठते, त्यात धुकं. म्हणून परतताना ते वल्हं नावेवर आपटतात आणि घरच्या बाईने तांब्याचं पातेलं वाजवून दिशा द्यायची. मोजींनी बजावलं, आधी त्याने आपलं नाव ओरडायला हवं. नुसत्या ठोक्याला उत्तर द्यायचं नाही. का, विचारलं तर म्हणाल्या, आधी चहा ओत.

२८ डिसेंबर
संध्याकाळची, मगरिबची नमाज आटोपली तोच ठोका आला. हाक नाही. मुख्तारचा घसा बसलाय, म्हणून मी पातेलं वाजवलं. कोणीच आलं नाही. मुख्तार फार उशिरा आले. ठोका आला तेव्हा बाजारातच होतो म्हणाले.

३१ डिसेंबर
रोज ठोका येतो. काल वळणावर, आज घाटाशी. वल्ह्याचा नाही — बर्फाच्या खालून. शेवटी मोजींना सांगितलं. त्यांनी कांगडी पोटाशी ओढली. म्हणाल्या, तुझे सासरे परतले नाहीत त्या हिवाळ्यात मीही असंच वाजवलं होतं. एकदा उत्तर मिळालं की बर्फाखालचं ते आपलं घर ओळखतं.

१ जानेवारी
मुख्तारना जाऊ नका म्हटलं. हसले. मग काकड्या तू पोहत नेणार का, म्हणाले.

अजान झाली. धुक्यात घाटही दिसत नाही.

ठोका — फळ्यांखाली. आता हाक. मुख्तार, मुख्तार. त्यांचाच आवाज, खणखणीत.

पण त्यांचा घसा अजून —

मोजींनी माझा डावा हात घट्ट धरलाय. उजव्याने लिहितेय.

लांबून, कालव्यातून, घोगरी हाक. तेच! वाट चुकलेत. वाजवलं नाही तर ते — वाजवलं तर हे खालचं —

फळी खालून उचलली जातेय.

मोजींनी हात सोडला. म्हणाल्या, वाजव पोरी. फळीवर मी बसते.

वाजवलं. घोगरी हाक जवळ येतेय. बर्फ फुटतोय. या अल्ला —

मोजी?

फळीवर नुसती कांगडी आ