दोरीवर काही दिसायला नको

३ ऑक्टोबर १९८८, सोमवार

हेही स्थळ गेलं! निरोप आला — "पत्रिका जुळत नाही." अरे, पत्रिका मागितली होती कुठे तुम्ही? शनिवारी कॉलनीत विचारपूस करायला आले होते. आमच्याकडे न येता समोर लताबाईंच्या ओट्यावर बसून चहा प्यायले, मी खिडकीतून बघत होते. आणि लताबाईंचं तोंड काय गप्प बसणार होतं? मागच्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "काय हो कुंदाताई, तुमच्याकडे रोजच गोधडी धुतात? फार बाई स्वच्छता!"

वैजू एकोणीस पूर्ण झाली. अंथरूण अजून ओलं होतं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा होतंच. डॉक्टर झाले, वैद्य झाले, भुसावळचा तो काढेवाला झाला. सगळे म्हणतात वयानं जाईल. कोणत्या वयानं? लेकुरवाळी झाल्यावर?

घरात गोधडी वाळत नाही, कुबट वास सुटतो. गच्ची घरमालकाची, तिला कुलूप. राहिली अंगणातली दोरी. आणि त्या दोरीवर काय आहे ते सगळं पिंप्राळा येता-जाता बघतं.

५ ऑक्टोबर

आजपण. पोरीनं स्वतःच पहाटे उठून धुतली. माझ्याकडे बघितलं नाही.

१६ ऑक्टोबर

धुळ्याहून आले आत्ता. आत्याच्या शेजारी देवपुरात एक बंगला रिकामा करताहेत. विलायतेत राहून आलेले इंजिनियर वारले, त्यांची बहीण सुंदरबाई सगळं विकतेय. आत्या म्हणाली चल, पातेली-बितेली मिळतील. पातेली कसली! मागच्या खोलीत एक पांढरं धूड, पुढे गोल काचेचं दार. सुंदरबाईंनी आत कांदे भरले होते. म्हणाल्या, "आतला डबा भोकाभोकाचा आहे ना, हवा लागते. कांदा अजिबात सडत नाही." मग सहज सांगितलं, दादांचं कपड्याचं मशीन ते, पंचवीस वर्षांपूर्वीचं. त्यातच धुवायचं आणि त्यातच वाळवायचं. आत ओलं घातलं की बाहेर कोरडंच येतं.

आतच वाळवतं!

मी काचेला नाक लावून आतच बघत राहिले. आत्या म्हणते, "चल व बाई, काय बघतेस त्या डब्याकडे?"

१७ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं. हसले! "जळगावात कपडे वाळवायचं मशीन? इथं धुतलेलं धोतर दोरीपर्यंत नेईस्तोवर वाळतं." मी म्हटलं, वाळतं हो, पण दिसतं ना!  पेपरची घडी घातली, परत उलगडली. शेवटी म्हणाले, "बघू."

ह्यांचं "बघू" म्हणजे हो असतं.

२३ ऑक्टोबर, रविवार

आलं! टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. सगळी कॉलनी बाहेर. लताबाई सगळ्यात पुढे. "काय आणलं हो? फ्रिज का?" ह्यांनी ऐटीत सांगितलं, विलायती धुलाई मशीन. मी मनात म्हटलं, सांगा, अजून मोठ्यानं सांगा!

प्लग लावला. खर्र झालं, जळका वास आला, अख्ख्या घराचा फ्यूज उडाला.

२६ ऑक्टोबर

पुना मिस्त्री येऊन गेला. विहिरीच्या मोटारी बांधतो, त्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण हे असलं त्यानं जन्मात पाहिलेलं नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. दोनदा प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "वहिनी, बठ्ठं खोलनं पडी."

खोल बाबा. सगळंच खोल.

६ नोव्हेंबर

दिवाळी तोंडावर आणि माझ्या पुढच्या खोलीत भंगाराचं दुकान! मोटार एका कोपऱ्यात, पट्टा दुसऱ्या, स्क्रू माझ्या चकलीच्या डब्यात. आतून कांद्याची सालं अजून निघताहेत. दाराचं रबर बोटानं दाबलं तर भुगा झाला. पुनानं आतून एक सिमेंटचा ठोकळा काढला, हा एवढा! म्हणाला, "हाई काय शे? कोणीतरी भंगारवाल्यानं वजन वाढवायला घातलेलं दिसतं, वहिनी. फसवलं तुम्हाला." मीही सुंदरबाईला चार शिव्या घातल्या. ठोकळा मागच्या मोरीजवळ टाकला, पाय घासायला बरा आहे.

वैजू म्हणाली, "आई, हे सगळं माझ्यामुळे ना?" मी म्हटलं, गप, अनारसे तळ.

२० नोव्हेंबर

मोटार गुंडाळून झाली. दाराला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. आज पहिल्यांदा फिरलं! पाणी आत गेलं, डबा गरगर फिरला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पिळायची वेळ आली आणि मशीन चालायला लागलं. म्हणजे खरंच चालायला लागलं — पावलं टाकत! धडाधड उड्या मारत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं, पाइप उपटला, पाण्याचा फवारा. मी ओरडतेय, पुना वर चढून बसला, तर त्याच्यासकट चाललं. शेवटी ह्यांनी प्लग ओढला.

सगळे ओलेचिंब. हे हळूच म्हणाले, "पुना, तो दगड उगीच नव्हता रे. ते त्याचं बूड होतं." पुना कपाळ पुसत म्हणतो, "मना बी तोच इचार व्हता." खोटारडा!

मी हसले, आणि हसता हसता रडूच आलं. काय चाललंय हे माझ्या घरात?

२१ नोव्हेंबर

मोरीतला ठोकळा परत जागेवर.

४ डिसेंबर

वाळवणं काही जमत नाही. गरम करायची कॉइल पार गेलेली. पुनानं इस्त्रीच्या कॉइली जोडून लावल्या. एक रुमाल टाकला, तो तपकिरी होऊन आला. चालू केलं की घरातले दिवे मिणमिणतात, शेजारच्या टीव्हीचं चित्र आकसतं. लताबाईंचा नवरा तक्रार घेऊन आला.

त्यात आबा पाटील स्थळ घेऊन आले. पाचोऱ्याचं. बियाणं-खतांचं दुकान, मुलगा हेमराज बी.कॉम., एकुलता एक. त्याचे आईवडील, पंडितनाना आणि यशोदाबाई, पुढच्या महिन्यात बघायला येणार. म्हणजे त्याआधी चौकशीला कोणीतरी येणारच. दोरीवर एक फडकं दिसायला नको! आता एकच महिना. देवा, चालव रे हे धूड.

११ डिसेंबर

वैजूशी भांडण झालं. ती म्हणते, "आई, त्यांना आधीच सांगून टाकू. नाही म्हणायचं तर म्हणू देत." मी म्हटलं, जीभ हासडीन! एकदा सांगितलं की पाचोऱ्यालाच नाही, पार एरंडोलपर्यंत गाजावाजा होईल, जन्मभर घरात बसशील. ती म्हणाली, "लपवून गेले तर तिथं काय होईल?"  मला माहीत असतं तर! तिथलं तिथं बघू म्हटलं. तिनं दार लावून घेतलं.

मला तरी दुसरं काय येतं?

२५ डिसेंबर

झालं! वाळली! अख्खी गोधडी! पातळच होती, पण कोरडी ठणठणीत आणि गरम, पोळीसारखी. मी तोंडावर धरून उभी राहिले. वास नाही, ओल नाही, दोरी नाही!

आता त्याची तऱ्हा लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन. आपोआप फिरणारं ते बटण गेलं ते गेलंच. पुनानं लाकडी फळीवर चार बटणं बसवून दिली — पाणी, फिरणं, पिळणं, वाळणं. प्रत्येक आपण दाबायचं, आपणच बंद करायचं. दार गुडघ्यानं दाबून धरायचं, नाहीतर गळतं. वाळवताना घरातलं बाकी सगळं बंद, पंखासुद्धा. वाफेनं खोली भट्टी होते. म्हणजे मशीन म्हणायला, राबायचं मीच! राबेन. माझ्या गुडघ्याला नवऱ्यापेक्षा त्या दाराची ओळख जास्त झालीय.

८ जानेवारी १९८९

चौकशी झाली. पाचोऱ्याचा कोणी मामा लताबाईंकडे बसून गेला. लताबाई स्वतःच सांगायला आल्या, "चांगलंच सांगितलं हो मी. म्हटलं, हल्ली तर त्यांच्या दोरीला कपडासुद्धा नसतो, सगळं मशीनवर."

१५ जानेवारी

आले, बघितलं, पसंत! हेमराज लाजाळू आहे. वैजूनं पोहे दिले तर तोच जास्त घामाघूम. मशीनवर मी क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवली होती. पंडितनाना त्याच्यासमोरून हलेनात. वाकून काचेतून बघितलं, बटणं मोजली, ह्यांना विचारलं — विलायती का? ह्यांनी फुगून अर्धा तास माहिती दिली. यशोदाबाई फार बोलत नाहीत, ठेंगण्या, डोक्यावरचा पदर हलू न देणाऱ्या.

निघताना पंडितनाना म्हणाले, "आमचं देण्याघेण्याचं काही म्हणणं नाही. नारळ आणि मुलगी द्या. फक्त... ते मशीन पोरीसोबत पाठवा. आख्ख्या पाचोऱ्यात नाही कोणाकडे."

हे माझ्याकडे बघतात, मी ह्यांच्याकडे. नाही कसं म्हणायचं? आणि कारण काय सांगायचं?

१६ जानेवारी

खरं तर बरंच झालं की! वैजूला तिथं लागणारच. पण ते चालतं माझ्या गुडघ्यावर. आणि सासरी पहिल्या सकाळीच नवी नवरी पंखे बंद करून काय वाळवतेय म्हणून विचारतील, तेव्हा?

उद्यापासून वैजूला बटणं शिकवायला घेते.

५ फेब्रुवारी

रोज वैजूला शिकवतेय. पाणी, फिरणं, पिळणं, वाळणं. ती मुकाट्यानं बटणं दाबते. आज म्हणाली, "आई, सासरी जाताना पोरींना स्वयंपाक शिकवतात." मला राग आला नाही. तिचं बोट धरून परत पहिल्या बटणावर ठेवलं.

२७ फेब्रुवारी

आज लग्न झालं. वैजू गेली. तिच्या मागून टेम्पोत मशीन, त्याला हार घातलेला. वरातीत लोक नवरीआधी त्याच्याकडे बघत होते.

पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडतात म्हणून मी रडतेय असं सगळ्यांना वाटलं. मी भीतीनं रडत होते.

२८ फेब्रुवारी

आज पहिली सकाळ तिची तिथली.

४ मार्च

काही खबर नाही.

१२ मार्च

हे पाचोऱ्याला जाऊन आले. मी दारातच धरलं. वैजू बरी आहे म्हणे, चहा तिनंच केला. आणि मशीन? "हॉलमध्ये आहे. दर्शनी भागात. त्याच्यावर टीव्ही ठेवलाय." अहो, पण नळ? "हॉलमध्ये कुठला नळ? पंडितनाना म्हणाले वापरायचं कशाला, खराब होईल."

 एवढं सगळं केलं आणि त्याच्यावर टीव्ही! मग ती पोर काय करत असेल? कुठे धुवत असेल, कुठे वाळवत असेल? हॉलमध्ये मशीन, अंगणात दोरी, आणि चहूकडे परकी माणसं.

ह्यांना विचारलं, तिच्या तोंडावर काही दिसलं का? म्हणे, "काय दिसायचं?" बाप!

२ एप्रिल

आता परत पाठवतील. रोज फाटकाची कडी वाजली की मला वाटतं, आणून सोडली. लताबाईंनी विचारलं, "लेकीचं बरंय ना?" मी म्हटलं, फार छान. 

पुना भेटला रस्त्यात. "मशीन कसं चालू शे, वहिनी?" मी म्हटलं, मस्त.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, वैजूला माहेरी आणायला ह्यांना पाठवणार आहे. पहिली आखाजी, नाही कसं म्हणतील? पण ते म्हणतील "घेऊन जा, आणि ठेवूनच घ्या" तर? एका ताटातलं अन्न मला दोन वेळा पुरतंय.

८ मे, आखाजी

वैजू आली! अंगानं भरलीय. हातभर बांगड्या, नवं लुगडं. दिवसभर पोरींबरोबर झोक्यावर, गाणी, गौराईचे फेर. मी दहादा जवळ जाऊन विचारायचा प्रयत्न केला, दहादा कोणीतरी आलं. जेवताना आमरस तीन वाट्या प्यायली. एवढं हसताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. उगाच भीती वाटतेय.

९ मे

सकाळी तिचं अंथरूण ओलं. स्वयंपाकघरात धरलं तिला, विचारलं — मशीन तर हॉलमध्ये, मग तिथं करतेस काय गं?

म्हणाली, "मी काहीच करत नाही आई. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी बघितलं. मला म्हणाल्या, पड अजून थोडी. गोधडी स्वतः धुतली, सगळ्यांसमोर अंगणात दोरीवर टाकली. शेजारीण बघत उभी होती. तिला म्हणाल्या — मनीच शे व बाई, आते वय व्हयनं मनं. तेव्हापासून रोज तेच सांगतात, माझीच गोधडी, माझं वय झालं."

एकोणीस वर्षं मी हिची आई. मला हे एकदाही सुचलं नाही.