तापलेल्या पाईपवरचं कुटार

प्रिय अहो,

नाव काही लिहिणार नाही. तुमच्या हयातीत कधी घेतलं नाही, आता तुम्ही नाही म्हणून सुरुवात करू काय?

आज सकाळी नितीननं कारंज्याहून एक गिऱ्हाईक आणलं. तुमच्या गाडीला! मी ओसरीत डाळ निवडत बसले होते. तो माणूस गाडीभोवती फिरला, बोनेट उघडून आत तोंड घातलं आणि जाता जाता टायरला लाथ मारून पाहिली. तुमच्या गाडीच्या टायरला लाथ! माझ्या हातात सूप होतं म्हणून वाचला. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, "उद्या सांगतो, बावा." तो गेल्यावर तुमचा लेक माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या काय सांगतं आई? इकाचीच हाय."

उद्यापर्यंत ठरवायचं आहे. विकायची की ठेवायची. जो येतो तो एकच विचारतो, दादा असते तर काय म्हणाले असते? मला काय माहीत! म्हणून तुम्हालाच विचारायला बसले आहे. आपल्या सुनेचे, पूजाचे, दिवस भरत आले आहेत. ती आत पडली आहे. नितीन गोठ्याकडे गेला आहे. आता तरी बोला.

तुम्ही ती गाडी आणली तेव्हाच ती जुनी होती. पण टर्बो आहे, टर्बो आहे, म्हणून सगळ्या कामरगावला सांगत सुटला होता. मी विचारलं, म्हणजे काय हो? जेवता जेवता भाकरी फिरवून तुम्ही दाखवलं होतं. इंजिनाचा तापलेला धूर बाहेर पडता पडता एक पंखा फिरवतो, तो पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो आणि गाडीला जोर येतो. मी म्हटलं, जाता जाता कामाला येणारा धूर! आपल्याकडच्या पाहुण्यांना हे शिकवा जरा. तुम्ही हसलात आणि भाकरी ताटाबाहेर पडली.

मग दरवर्षी तुमचं एकच रडगाणं. सायलेन्सरचा पाईप बारीक आहे, गंजला आहे, धूर कोंडतो, गाडी चढावर दम टाकते. मोठा पाईप टाकतो. आणि माझं दरवर्षी एकच, "चालून राह्यली ना? मंग कायले हात लावता?" तुम्ही गप्प बसायचा. मला वाटायचं, ऐकलं बायकोनं सांगितलेलं!

कसलं ऐकलं? तुमच्या तेरवीचे पाहुणे गेले आणि नितीन म्हणाला, "आई, बाबानं मले सांगतलं होतं, आईले बोलू नोको, आपण दोघं मिळून मोठा पाईप टाकू." माझ्या पाठीमागे बाप-लेकांचा करार! रागही आला आणि रडूही आलं. पण छातीत कळ येऊन तुम्ही बसल्या जागी गेलात, आणि पोराकडे तुमची एवढी एकच इच्छा उरली होती. आता त्याला मी नको कशी म्हणणार होते? सांगा ना!

कारंज्याच्या रशीदभाईंनी काम केलं. टर्बोपासून शेवटापर्यंत नवा रुंद पाईप आणि आवाज वाढू नये म्हणून नवा सायलेन्सर. गाडी खरंच हलकी झाली हो. पहिल्यांदा चढावर गेली तेव्हा नितीनच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही पाहायला हवं होतं.

एकच गोष्ट राहिली. पाईप आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये एक पत्रा असतो, खालची धग वर येऊ नये म्हणून. नवा पाईप जाड, शिवाय तो जरा खाली आला, जुना पत्रा काही बसेना. रशीदभाई म्हणाले, "नवा पत्रा बनवतो, गाडी ठेवून जाय." पण दुसऱ्या दिवशी दसरा! यंदा आपल्याकडे सण नाही, तरी बाबाच्या गाडीला हार तर घालूच, असा पोराचा हट्ट. पत्रा नंतर लावू म्हणाला आणि गाडी घेऊन आला. तुमचंच पोर. तुमच्या 'नंतर'वर तर मी एक संसार केला आहे.

दसऱ्यानंतर पूजाला तपासायला कारंज्याला नेलं. येताना रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं होतं. तुम्हाला माहीत आहे, ज्यांचा माल थोडा असतो त्यांच्याकडे थ्रेशरवाला येत नाही. मग बाया कापून-सोंगून आणलेलं सोयाबीन डांबरावर पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं त्यांची मळणी करून देतात. नितीननंही घातली गाडी. काड्या खाली चरचर वाजल्या. रस्त्याच्या कडेची एक बाई हात उंच करून ओरडली, "ओ भाऊ! थांब! खालून धूर निंगून राह्यला!"

नितीन थांबला नाही. रशीदभाईंनी सांगितलं होतं ना, नवा पाईप आहे, काही दिवस वास मारन म्हणून. "काई नाई, पाईपचा वास हाय," असं मलाच समजावून सांगत होता. मी मान डोलावली. मला तरी काय कळतं?

मग मागून पूजा म्हणाली, "आई, माह्ये पाय भाजून राह्यले."

गाडी थांबली तेव्हा धूर आत आला होता. मी पुढून उतरले. मागचं दार आतून उघडत नाही, हे तेव्हा आठवलं. ती कडी तुम्ही किती वर्षं दुरुस्त करणार होता? आत पूजा दोन्ही हातांनी पोट धरून खांद्यानं दार ढकलत होती. बाहेरून ओढलं तर तेही अडकलं. मी तुम्हाला हाक मारली, अहो! वेड्यासारखी! मग पाय लावून ओढलं आणि दार उघडलं. पूजाला ओढून बांधावर नेलं. खाली पाहिलं तर नव्या पाईपला गुंडाळलेलं सोयाबीनच्या काड्या-टरफलांचं कुटार पेटलं होतं आणि ज्वाळा तळाला चाटत होत्या.

आणि नितीन? तो अजून आतच. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मी ओरडत होते आणि त्याला ऐकू जात नव्हतं. त्या सोयाबीनवाल्या बाया धावत आल्या. एकीनं त्याला दंडाला धरून बाहेर खेचलं. बाकीच्यांनी घमेल्यानं माती टाकली, प्यायच्या पाण्याचा ड्रम ओतला. आग विझली. कुणाला काही झालं नाही. बाळ ठीक आहे, डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी परत तपासून सांगितलं.

पण नितीन त्या दिवसापासून स्टिअरिंगला शिवला नाही. म्हणतो, "बाबाची एक गोष्ट कराले गेलो, अन् तुमाले मारलं असतं म्या." जेवतो, शेतात जातो, पण पूजाशी नीट बोलत नाही. तिच्या पोटाकडे पाहतसुद्धा नाही. ती माझ्यापाशी येऊन रडते.

रशीदभाईंनी गाडी नेली, वायरी बदलल्या, पाईप वर उचलून बसवला, दुहेरी पत्रा लावला. गाडी परत द्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, दादा सोयाबीनवरून गेले का दरवेळी थांबत. खाली वाकून आकड्यानं कुटार काढत, मंगच पुढं जात. पोराले सांगतलं नाई काय त्यायनं?"

अहो, ते वाकणं मी वर्षानुवर्षं पाहिलं! भर उन्हात उतरायचा, रस्त्यावर गुडघे टेकायचा. मी आतून म्हणायची, झाला का देवीला नमस्कार? तुम्ही हसायचा आणि पुढे निघायचा. एकदा तरी तोंड उघडून सांगायचं होतं, कुसुम, पाईप तापलेला असतो, कुटार पेटतं, म्हणून काढतो. एवढंच! मोठ्या पाईपचं गुपित पोराला सांगितलंत, आणि जीव वाचवणारी गोष्ट पोटात ठेवून गेलात. तुमच्यावर मी फार रागावले आहे. रागावलेलीच आहे.

आणि आता खरं सांगू? तुम्ही असता तरी काय म्हणाला असता, ते मला ठाऊक आहे. काही नाही. टोपी घालून वावरात गेला असता.

थांबा. पूजा हाक मारते आहे.

पुढचं कारंज्यात बसून लिहिते आहे, दवाखान्याच्या बाकावर. अंधार पडायचा आहे अजून.

पूजाला कळा सुरू झाल्या होत्या. अँब्युलन्सला फोन लावला तर ती लांबच्या गावी गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. शेजारची गाडी लग्नाला. अंगणात तुमची गाडी उभी आणि तिच्यासमोर नितीन, हातात किल्ली, चेहरा पांढराफटक.

"आई, मले नाई जमत. बाबा असते त..."

"बाबा नाईत," मी म्हटलं. "तू हायस. भेव वाटते ना? मलेही वाटते. बस."

अहो, एवढे दिवस सगळं गाव मला जे विचारत होतं, त्याचं उत्तर माझ्याच तोंडून असं निघालं. पोरानं माझ्याकडे पाहिलं आणि बसला.

रस्ताभर पूजाचं कण्हणं. आणि त्याच ठिकाणी पुन्हा सोयाबीन! या कडेपासून त्या कडेपर्यंत. नितीननं करकचून ब्रेक मारला. मागे फिरावं तर वेळ नाही, पुढे जावं तर छाती होत नाही.

त्या दिवशी ओरडली होती ती बाई कडेलाच बसली होती. तिनं गाडी ओळखली, आत पूजा दिसली. पदर खोचला, दाताळं घेतलं आणि स्वतःचा माल ओढून कडेला करायला लागली. मग दुसरी आली, तिसरी आली. हातांनी, पायांनी, कवेत भरभरून. गाडीपुरता रस्ता मोकळा झाला. बाईनं बोनेटवर थाप मारली, "जाय रे बापू. सावकाश."

पलीकडे गेल्यावर नितीन तरीही उतरला आणि वाकून खाली बघून आला. कळांमध्येसुद्धा पूजा ओरडली, "आता कायले वाकता जी!" तो म्हणाला, "कुटार अडकलं त पेटते, म्हणून." एवढंच. आणि गाडी सोडली.

नात झाली हो. काळीसावळी, तुमचं कपाळ. नितीननं तिला घेतलं आणि मग तो रडला, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. गिऱ्हाइकाचा फोन आला तर म्हणाला, "नाई इकाची."

तुम्हाला एक शब्द देते. या पोरीला मी पुष्कळदा नको म्हणेन, माझी जीभ काही सुधारायची नाही. पण दरवेळी काहून नको, तेही सांगेन. तिच्या बापाकडूनही वदवून घेईन. या घरात यापुढे कुणी गप्प राहून माया करायची नाही.

तुमचीच,
कुसुम