दारांची निवड चालू आहे

८ जानेवारी २०२४, सोमवार

आज वाल्मिक शेठनी केबिनमध्ये बोलावलं. जिनिव्हा टॉवरची आगरोधक दारं मी निवडायची. बावीस मजले, प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एक दार, दारात पलीकडचं दिसावं म्हणून काचेची पट्टी. दार आणि काच दोन्ही दोन तास आगीत टिकली पाहिजेत, म्हणजे जिन्यात धूर शिरत नाही आणि माणसं खाली उतरू शकतात. एवढं साधं काम. (जिनिव्हा शहापुरात आहे. शेठच्या सगळ्या इमारतींना स्वित्झर्लंडची नावं. ज्या भातखाचरांत त्या उभ्या आहेत त्यांची नावं आता फक्त सातबाऱ्यावर.)

याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. बाबांनी माझ्या कंपनीच्या स्टाफ स्कीममधून घेतला. कसाऱ्याच्या बाजूला रेल्वेच्या रुळांवर त्यांची नोकरी झाली, गुडघे तिथेच राहिले. आग लागली की लिफ्ट बंद, आणि नऊ मजले बाबांनी पायांनी उतरायचे. म्हणून ही निवड माझ्याकडे आली ते उत्तम झालं. दुसऱ्या कुणी घाईत उरकली असती.

निश्चय: महिनाअखेरीला ऑर्डर.

१२ जानेवारी

तीन कंपन्यांची कोटेशनं आली. तिघांकडेही दोन तासांचं टेस्ट सर्टिफिकेट. म्हणजे तिन्ही पास. एखादी सामान्य मुलगी इथे स्वस्तातलं उचलून मोकळी झाली असती.

भिवंडीच्या कंपनीचा सेल्समन, आदेश नावाचा, जाताना टेबलावर कॅलेंडर ठेवून गेला. कुरियरनं परत पाठवलं. सोबत पत्र: निवडप्रक्रिया चालू असताना भेटवस्तू स्वीकारता येत नाही. त्याचा फोन आला. म्हणाला, मॅडम, कॅलेंडर आहे हो, बुलेट नाय. लोकांना तत्त्व कळत नाही.

२५ जानेवारी

म्हशाची जत्रा, साईट ओस. शांतपणे सर्टिफिकेटं वाचली. सातव्या पानावर बारीक अक्षरात सापडलंच: ज्या मापाचं दार भट्टीत तपासलं, त्या मापापर्यंतच सर्टिफिकेट लागू. आमची जागा बोटभर जास्त रुंद आहे. म्हणजे तिन्ही नापास.

शेठना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, मॅडम, असं वाचणारं माणूस मला आधी का नाय मिळालं. घाई करू नका, नीट बघा. आणि ऑफिसात मला साहेबांसारखी चाकांची खुर्ची द्यायला सांगितलं. असा मालक मिळायला नशीब लागतं.

महिनाअखेरीची ऑर्डर अर्थातच पुढे.

१६ फेब्रुवारी

साईट सुपरवायझर साईनाथनं गवंडी लावून बावीसच्या बावीस जागा मापात आणल्या. मला विचारलंसुद्धा नाही. वर म्हणतो, झालं ना आता, द्या ऑर्डर. मी त्याला शांतपणे समजावलं की गवंड्यानं कुठलं सिमेंट वापरलं त्याचे कागद आधी लागतील. त्यानं हेल्मेट काढून हातात धरलं. आदर असावा.

८ मार्च

महिला दिन. शेठनी सगळ्यांसमोर मला 'हेड, सेफ्टी' जाहीर केलं आणि शाल दिली. (शाल ही भेटवस्तू नाही. सत्कार आहे.) सेल्सच्या प्रियांकानं मला हेल्मेट घालून उभं केलं आणि ब्रोशरसाठी फोटो काढला. खाली छापणार: सुरक्षेत तडजोड नाही. प्रियांका म्हणाली, गिऱ्हाइकांना मी सांगते, आमची मॅडम एक दार पारखायला दोन-दोन महिने घेते, तुमी तर लग्नाला पण एवढे घेत नसाल. लोक हसतात आणि टोकन देतात म्हणे.

आईला फोटो पाठवला. आईनं विचारलं, दारं लागली का. आईचा प्रश्न नेहमी चुकीच्या वेळी येतो.

२१ मार्च

आदेशनं स्वतःच्या खर्चानं साईटवर प्रात्यक्षिक केलं. विटांची खोपी बांधली, तिच्या तोंडाला त्यांचं दार बसवलं आणि आत लाकडं, भुसा, जुने टायर घालून पेटवलं. आत भट्टी धडधडतेय आणि आदेश बाहेरून दाराला पाठ टेकून वडापाव खातोय. एक संपवून दुसरा घेतला. दाराच्या कडेची पट्टी उष्णतेनं फुगली आणि फट बंद झाली. धुराची एक रेघ बाहेर आली नाही. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. नंतर निखाऱ्यात बटाटे टाकले. मी दाराला हात लावला. कोमट.

नोंद केली: निष्कर्ष अनिर्णीत. आग प्रमाणित नव्हती. प्रयोगशाळेत आग ठरलेल्या वेगानं तापवतात, इथली वाऱ्यावर जळत होती.

आदेश म्हणाला, मॅडम, खरी आग लागेल ती काय सर्टिफिकेट घेऊन येणार?

मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तुलनेच्या तक्त्यात त्यासाठी नवा कॉलम केला.

५ एप्रिल

आज काच. एक प्रकार ज्वाळा अडवतो पण ताप पलीकडे जाऊ देतो. दुसऱ्यात दोन काचांमध्ये जेल असतं, ते आगीत फुगून पांढरं होतं आणि ताप पण अडवतं. उघडच दुसरी. ऑर्डर लिहून काढली. पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात वाचलं की कायम ऊन लागत राहिलं तर जेल पिवळं पडू शकतं.

टोपण लावलं. जिन्यात थर्मामीटर टांगला.

१० एप्रिल

साईनाथ म्हणतो, मॅडम, जिना इमारतीच्या पोटात आहे, तिथं ऊन येतच नाय. दिवसा पण बॅटरी लागते. असेल. पण एप्रिलचं निरीक्षण जुलैला लावणं शास्त्रीय नाही. शेठना सुचवलं की तिन्ही ऋतूंत बघू. शेठ इतके खूश झाले की स्पेशल चहा मागवला. म्हणाले, तिन्ही बघा, आणि कुठं चौथा मिळाला तर तो पण बघा.

१४ एप्रिल

जयंतीला गावी. निळे झेंडे, जेवण, सगळे आले होते. बाबांनी चारचौघांत विचारलं, दारांचं काय झालं गो. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच शिकवलंत, सही करण्याआधी वाच. (आजोबांनी न वाचता अंगठा दिला आणि अर्धा एकर गेलं. घरात शिकलेली मी पहिली, त्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला पहिलीपासून आलं.) बाबा म्हणाले, आमी वाच म्हणलो, वाचतच बस नाय म्हणलो. मी म्हटलं, बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे. बाबा म्हणाले, हां, आणि मंग लिवायचे पण.

सगळे हसले. बाबांना तांत्रिक बाजू माहीत नाही. मनावर घेतलं नाही.

रात्री थोडं मनावर घेतलं. निश्चय: एप्रिलअखेर.

३० एप्रिल

बिजागऱ्या. बिजागऱ्यांचा विचारच झाला नव्हता.

१९ जुलै

पावसाळी निरीक्षण: ऊन नाही. थर्मामीटरही नाही, कुणीतरी नेला.

साईनाथनं आज भलताच प्रश्न विचारला. म्हणाला, मॅडम, दारं नाय घेतली तर पैसे कुणाकडं राहतात? मी म्हटलं, कंपनीकडे, अर्थातच. म्हणाला, आणि कंपनी कुणाची? मी म्हटलं, शेठची. तो म्हणाला, बघा बरं. आणि निघून गेला. यात बघायचं काय आहे. उलट यावरून हेच सिद्ध होतं की मी मालकाचं हित सांभाळून काम करते.

३ सप्टेंबर

आदेशचा फोन. त्यांच्या सर्टिफिकेटची मुदत ऑगस्टअखेर संपली, नवं यायला दोन महिने. बरं झालं मी घाई केली नाही. नाहीतर मुदत संपत आलेल्या सर्टिफिकेटची दारं बसली असती.

बाकीच्या दोघांनी माझे फोन उचलणं बंद केलंय. अशा कंपन्यांच्या भरवशावर आपण बावीस मजले ठेवणार होतो.

२६ सप्टेंबर

शेठ ऑक्टोबरात चाव्या देणार. राहण्याचा परवाना अजून यायचाय, म्हणून कागदावर 'फर्निचर करून घेण्यासाठी ताबा'. प्रत्यक्षात लोक सुतारांबरोबर गॅसची शेगडी आणि अंथरुणं पण आणणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी कडक ईमेल लिहिला: दारांशिवाय एकाही कुटुंबाला वर जाऊ देणं योग्य नाही. भाषा जरा जास्त कडक वाटली. मऊ केली. मग फारच मऊ वाटली. ड्राफ्टमध्ये ठेवलाय.

तोंडी सांगितलं. शेठ म्हणाले, तुमची दारं येईपर्यंत साधं प्लाय ठोकू, तुमच्या निवडीत मी पडणार नाय. साईनाथनं पाचव्या मजल्यापर्यंत ठोकलं. मग प्लाय संपलं.

१४ ऑक्टोबर

आम्ही राहायला आलो. धम्मचक्र प्रवर्तन दिन, वंदना झाली, आईनं खीर केली. बाबा लिफ्टनं वर आले आणि तासभर गॅलरीतून हलले नाहीत. मला म्हणाले, इथून रूळ दिसतात, पण आता गाडी आली तरी आपल्याला हलायला नको.

जिन्याच्या तोंडाशी नुसतीच चौकोनी पोकळी. वारा थेट घरात. आईनं काथ्या ओढून तिथं जुनी साडी टांगली. समोरच्या फ्लॅटमधल्या गिरजाकाकूंना ती फार आवडली. त्यांनी वरच्या मजल्यावर सांगितलं. आता सातव्यापासून अकराव्यापर्यंत पडदे आहेत, अकराव्यावर झालरीसकट. मी आईला समजावलं की साडी आगरोधक नाही. आई म्हणाली, ठाऊक आहे गो बाय, तुझं दार आलं की काढते.

निश्चय: दिवाळीच्या आधी. या वेळी खरंच.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आदेशचं नवं सर्टिफिकेट ठरल्याप्रमाणे आलं. आता कारण... आता फक्त एकदा सगळं पहिल्यापासून ताडून बघायचं. आठवडा पुरे.

११ नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्यावर सुताराच्या वायरीतून ठिणगी उडाली, भुसा पेटला. आग लहान होती. बादल्यांनी विझली. धूर मात्र जिन्यात शिरला आणि जिन्यातून प्रत्येक मजल्यावर. तिसऱ्यावरचं प्लाय सगळ्यात आधी जळलं. वर अडवायला साड्याच होत्या.

लिफ्ट बंद. बाबा नवव्यावरून उतरायला निघाले आणि आठव्यावर बसले. साईनाथ आणि गिरजाकाकूंचा मुलगा वर गेले, ओल्या पंच्यानं त्यांचं तोंड बांधलं, प्लास्टिकच्या खुर्चीत घालून उतरवायला लागले. पाचव्यावर खुर्चीचा पाय मोडला. पुढे साईनाथनं पाठीवर आणलं.

मी ऑफिसात होते. तक्ता छापायला टाकला होता. एका कागदावर मावत नव्हता, म्हणून चिकटवत होते.

बाबांना ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली.

१४ नोव्हेंबर

चौकशीला अग्निशमन दलाचे साहेब आले. शेठनी माझी फाइल टेबलावर ठेवली. दोन हातांनी उचलावी लागते. म्हणाले, बघा साहेब, आमी कधी नाय म्हटलं नाय. कोटेशनं आहेत, प्रात्यक्षिक आहे, तिन्ही ऋतूंचं निरीक्षण आहे. मॅडमची निवड चालू आहे.

साहेबांनी पानं उलटली. म्हणाले, ऑर्डरवर सही नाही कुणाची. मी म्हटलं, नाही. म्हणाले, आणि ही पुढे ढकलल्याची टिपणं? त्या प्रत्येकाखाली माझी सही आहे. पूर्ण नावानं, तारखेसकट. मी कधी अर्धवट सही करत नाही.

शेठ खिडकीतून बाहेर बघत होते. ते माझ्या बाजूनं बोलतील असं मला वाटलं होतं. बोलले असते, त्यांना फोन आला.

साईनाथ बाहेर भेटला. त्याच्या मानेला पट्टा आहे. नमस्कार करून पुढे गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शेठ अजिबात रागावलेले नाहीत. उलट मुरबाडला नवा टॉवर चालू होतोय, ल्युसर्न, अठ्ठावीस मजले. तिथली दारं पहिल्या दिवसापासून मीच बघायची. म्हणाले, तुमच्यासारखं माणूस शोधून मिळत नाय. पगारही वाढला. म्हणजे कामाची कदर आहे.

जिनिव्हाची ऑर्डर त्यांनी स्वतः दिली. फोनवर. चहा संपायच्या आत.

बाबांना काल घरी सोडलं. घरी म्हणजे गावी. नवव्यावर परत यायला ते तयार नाहीत. संध्याकाळी त्यांना मुरबाडचं सांगितलं. आवाज बसलाय, कान जवळ न्यावा लागतो. मला वाटलं, शाब्बास म्हणतील.

विचारलं, जानेवारीत तीन दारं आली होती ना तुझ्याकडं.

मी म्हटलं, हो.

म्हणाले, त्यातलं कुठलं लावलं असतं तर धूर अडला असता?

मी म्हटलं, असं एकदम सांगता येत नाही बाबा. मापाचा प्रश्न होता, मग काच होती, बिजागऱ्यांचं तर...

बाबांनी हात वर केला. खोकला आला, तो जाऊ दिला. पुन्हा विचारलं, कुठलं?

मी म्हटलं, कोणतंही.